ई १४.५ ला कोल-१० दिसतच नाहीये! (उंदराच्या गर्भातली हाडं, मदत हवी)

अस्थिरपंथी | १२ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. इथे बहुतेक धागे सावजी, मेट्रो आणि ऊन यांवर चालतात, त्यामुळे हा विषय कितपत चालेल माहीत नाही. पण तीन आठवडे झाले, गाडी एकाच जागी रुतलीय. सध्या लॅबमध्ये बोलायला दोनच माणसं असतात: एक मी आणि दुसरे एसी दुरुस्त करायला येणारे काका. काकांना सगळं सांगून झालंय.

काम असं आहे. उंदराच्या गर्भात हाडं घडत असताना कोणतं जनुक कोणत्या दिवशी, हाडाच्या नेमक्या कोणत्या भागात चालू होतं ते बघायचं. मी पुढच्या पायाचं, म्हणजे आपल्या दंडाच्या जागचं हाड घेतलंय, ह्यूमरस. उंदराचा गर्भकाळ १९-२० दिवसांचा. ई ९.५ च्या (ई म्हणजे गर्भाचं वय, दिवसांत) सुमारास पुढच्या पायाची कळी दिसते, मागची साधारण अर्ध्या दिवसाने. मग कळीच्या आत पेशी दाटीवाटीने गोळा होतात आणि तिथे सॉक्स-९ हे जनुक पेटतं. त्यातून कूर्चा तयार होते, कोल-२ए१ (थोडक्यात कोल-२) आणि अ‍ॅग्रिकॅन ही जनुकं चालू होतात. आता हाडाचा नुसता मऊ साचा आहे. पुढे त्या साच्याच्या मधोमध पेशी फुगतात आणि कोल-१०ए१ (थोडक्यात कोल-१०) चालू करतात. त्यानंतर तिथे रक्तवाहिन्या घुसतात, रन्क्स-२ आणि ऑस्टेरिक्सवाल्या पेशी येतात आणि खरं हाड पडायला लागतं.

पद्धत: इन सिटू हायब्रिडायझेशन, म्हणजे जनुक कुठे चालू आहे ते कापावर रंगाने दाखवणं. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, मग ३० टक्के सुक्रोज, ओसीटीत (गोठवायचा चिकट द्रव) गोठवून क्रायोस्टॅटवर (थंड ठेवून काप काढायचं यंत्र) १२ मायक्रॉनचे सेक्शन, म्हणजे पातळ काप. डिग (शोधता येणारी खूण) लावलेला अँटिसेन्स आरएनए प्रोब, ६५ अंशांना रात्रभर. दुसऱ्या दिवशी डिगला चिकटणारी अँटिबॉडी, मग एनबीटी-बीसीआयपीने जांभळा रंग.

अडचण: सॉक्स-९ सुरेख येतं. कोल-२ए१ तर इतकं गडद की फ्रेम करून लावावं. कोल-१०ए१ शून्य. ई १४.५ ला ह्यूमरसच्या मध्यभागी ठसठशीत पट्टा यायला हवा. मी रात्रभर रंगात ठेवलं तर सगळी स्लाइडच मळकट झाली, सेन्स प्रोबसारखी. तीन वेगवेगळ्या माद्या झाल्या, तिन्ही वेळा हेच.

कुणी हे काम केलंय का?


तर्रीवाला | १२ मे, रात्री १०:४१

भाऊ, सारं डोक्यावरून गेलं. पण "पेशी फुगतात" वाचून पुरी आठवली.

मले एक सांगा, जनुक "चालू होते" म्हणजे नेमकं काय होते जी? जनुक तर आपल्यात जन्मापासूनच असते ना?


अस्थिरपंथी | १२ मे, रात्री ११:०५

@तर्रीवाला, प्रश्न बरोबर आहे. नाकाच्या पेशीत, यकृतात, हाडात, सगळीकडे डीएनए तोच (अगदी मोजके अपवाद सोडले तर). म्हणजे कोल-१० चं जनुक तुमच्या डोळ्यातही आहे, तिथे ते गप्प पडून आहे.

तलाठी कार्यालय डोळ्यासमोर आणा. गावातल्या प्रत्येक गटाची नोंद दप्तरात आहेच. पण ज्या गटाचा सातबारा उतारा आज कुणी काढून नेला, तिथे काहीतरी हालचाल आहे असं आपण समजतो. कर्ज असेल, वाटणी असेल, विक्री असेल. पेशीही तेच करते. मूळ दप्तर केंद्रकात राहतं आणि लागेल त्या जनुकाचा आरएनए नावाचा उतारा बाहेर येतो. त्या उताऱ्याला तंतोतंत चिकटेल असा उलटा तुकडा म्हणजे माझा प्रोब. जिथे चिकटला तिथे जांभळं. न चिकटणारा सुलटा तुकडा म्हणजे सेन्स प्रोब. तो मुद्दाम लावायचा, कारण तोही रंग देत असेल तर रंग खोटा.


तर्रीवाला | १२ मे, रात्री ११:०९

आता समजलं. म्हणजे तुमचा उतारा निघूनच नाही रायला.

आमचा तर फेरफार सहा महिन्यांपासून अडकून आहे, तुमचे तीनच आठवडे झाले.


स्लाइडघाशा | १३ मे, सकाळी ८:३२

दहा वर्षं हेच करतोय, हिस्टॉलॉजीत. क्रमाने बोलू.

आरएनएज (आरएनए खाणारं एन्झाइम) हे पहिलं कारण सगळे सांगतील. ते इथे लागू नाही. त्याच ब्लॉकच्या शेजारच्या सेक्शनवर सॉक्स-९ आलंय, म्हणजे आरएनए शाबूत आहे. प्रोटिनेज-के (प्रोब आत शिरावा म्हणून प्रथिनं कुरतडणारं एन्झाइम) जास्त झालं असतं तर टिशू फाटली असती आणि कोल-२ ही फिकट पडलं असतं. तेही नाही.

उरला प्रोब. तो चालतो हे कशावरून? ज्यावरून प्रोब बनवलास ते प्लास्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) कुणाकडून आलं, सिक्वेन्स करून घेतलंस का, कोणत्या बाजूने कोणतं पॉलिमरेज चालवलंस? टी-७ आणि टी-३ या पॉलिमरेजांची (डीएनएवरून आरएनए बनवणारी एन्झाइम्स) अदलाबदल झाली की सेन्सला अँटिसेन्स समजून आयुष्य जातं. माझं एक वर्ष असंच गेलं, पण ते दुःख वेगळं.

दुसरं महत्त्वाचं. कोल-१० हे लाजरं जनुक नाही. फुगलेल्या पेशीत त्याचा आरएनए इतका असतो की दोन-तीन तासांत रंग येतो. तू रात्रभर ठेवलंस आणि तरी आलं नाही, तर "थोडं आहे पण दिसत नाही" ही शक्यता सोडून दे. एकतर प्रोब मेलेला आहे, नाहीतर त्या सेक्शनमध्ये कोल-१० नाहीच.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचा गुडघा घे. तिथे वाढीच्या पट्टीत कोल-१० असतंच असतं. त्यावर हाच प्रोब लाव. ही पहिली चाचणी व्हायला हवी होती, तू चौथ्या आठवड्यात करतोयस. असो.


पुण्यात_अडकलेला_नागपूरकर | १३ मे, सकाळी ९:५०

२०२० च्या पुढे आलोय आपण आणि अजून जांभळे डाग बघतोय? सिंगल सेल सिक्वेन्सिंग करा. एका फटक्यात हजारो पेशी, प्रत्येकीत हजारो जनुकं. कोल-१० वाल्या पेशींचा वेगळा पुंजका पडदाभर दिसेल. एक-एक प्रोब घेऊन बसलात तर पेन्शन येईल हाती.


स्लाइडघाशा | १३ मे, सकाळी १०:१५

@पुण्यात_अडकलेला, पैसे तू देणार का?


अस्थिरपंथी | १३ मे, दुपारी १:३०

पैशांचा मुद्दा खराच आहे, पण तो बाजूला ठेवून बोलतो, कारण सूचना वाईट नाही.

सिंगल सेलसाठी आधी पेशी सुट्या कराव्या लागतात. कूर्चेच्या पेशी कोलॅजन आणि प्रोटिओग्लायकनच्या घट्ट गाळात रुतून बसलेल्या असतात, कोलॅजिनेज घालून त्या सोडवायच्या. त्या झटापटीत दोन गोष्टी होतात. फॉस आणि जुनसारखी ताणाची जनुकं चालू होतात, म्हणजे मापता मापता आपणच माप बदलतो. आणि फुगलेल्या पेशी मोठ्या आणि नाजूक, त्याच आधी फुटतात. मला नेमक्या त्याच हव्या आहेत!

शिवाय पेशी सुटी झाली की तिचा पत्ता गेला. हाडात पत्ता हेच सगळं आहे. टोकाला गोल, संथ पेशी. त्याखाली चपट्या, भाकऱ्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या, भराभर विभागणाऱ्या. त्याखाली वाढ थांबवून फुगायच्या तयारीतल्या, त्या इंडियन हेजहॉग हे जनुक चालू करतात. आणि मग फुगलेल्या, कोल-१० वाल्या. एका सेक्शनवर डावीकडून उजवीकडे नजर फिरवली की पेशीचं अख्खं आयुष्य दिसतं. स्पेशियल पद्धतींमध्ये जागा आणि जनुकं दोन्ही मिळतात हे मान्य, पण आमच्याकडे त्याचं मशीन नाही आणि नजीकच्या काळात येईल अशी चिन्हंही नाहीत.


तर्रीवाला | १३ मे, दुपारी १:३८

इंडियन हेजहॉग?? हे काय आपल्याकडचं आहे का?


अस्थिरपंथी | १३ मे, दुपारी १:५२

नावापुरतं. फळमाशीत हे जनुक बिघडलं की अळीच्या अंगभर काटे येतात, म्हणून त्याला हेजहॉग म्हटलं, तो काटेरी गोळा होणारा प्राणी असतो ना, तो. पुढे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत त्याची तीन भावंडं सापडली. त्यांतल्या दोघांना हेजहॉगच्या खऱ्या जातींची नावं दिली, डेझर्ट आणि इंडियन. तिसऱ्याला व्हिडिओ गेममधल्या सॉनिकचं.

काम मात्र भारी आहे याचं. फुगायच्या तयारीतल्या पेशी हेजहॉग सोडतात. त्याची खबर लागली की हाडाच्या टोकाकडच्या पेशी पीटीएचआरपी नावाचं प्रथिन सोडतात. ते चळतीतल्या पेशींना सांगतं, थांबा, इतक्यात फुगू नका. म्हणजे पुढे गेलेलेच मागच्यांना रोखून धरतात आणि हाड लांब व्हायला वेळ मिळतो. १९९६ मध्ये हे चक्र उलगडलं.


डॉ_हाडतोड | १३ मे, रात्री ९:१५

ओपीडी संपवून आलो. ऑर्थोपेडिक्सवाला आहे, मेडिकल चौकाजवळ. उंदरांशी संबंध नाही, पण हीच जनुकं माझ्या टेबलासमोर बसलेली असतात.

रन्क्स-२ घ्या. १९९७ मध्ये दोन्ही प्रती काढलेले उंदीर तयार केले गेले. पिल्लं जन्मली, अख्खा सांगाडा कूर्चेचा, हाड नावाला नाही. फासळ्या मऊ, श्वास घेता येईना, जन्मल्याबरोबर मेली. माणसात एकच प्रत बिघडली तर क्लायडोक्रेनियल डिस्प्लेसिया होतो. गळ्याच्या पट्टीची हाडं नसतात किंवा अर्धवट असतात, टाळू उशिरा भरते, जास्तीचे दात येतात. असा पेशंट दोन्ही खांदे छातीसमोर आणून एकमेकांना टेकवून दाखवतो. पुस्तकात वाचलं होतं, समोर बघितलं तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो.

सॉक्स-९ ची एक प्रत बिघडली की कॅम्पोमेलिक डिस्प्लेसिया, वाकलेली हाडं, बरीच बाळं वाचत नाहीत. आणि एफजीएफआर-३ तर सर्वांत जास्त दिसणारं. अ‍ॅकॉन्ड्रोप्लेसिया, आखूड हातपायांचा बुटकेपणा. ते जनुक एरवी वाढीला ब्रेक लावतं, या आजारात ब्रेक दाबलेलाच राहतो. कारण १९९४ मध्ये कळलं. त्यावर वोसोरिटाइड नावाचं रोजचं इंजेक्शन २०२१ मध्ये युरोप-अमेरिकेत मंजूर झालं. मधली २७ वर्षं अशाच कुणीतरी उंदरांचे सेक्शन कापत काढलीत, म्हणून म्हटलं सांगावं.

मोडलेलं हाड जुळतानाही हाच क्रम पुन्हा येतो बरं का. आधी कूर्चेचा गोळा, सॉक्स-९, कोल-२, मग कोल-१०, मग हाड. साठीतल्या माणसाच्या नडगीत गर्भातलं प्रकरण परत सुरू होतं.


माणुसकी_आधी | १३ मे, रात्री १०:०२

एवढं सगळं वाचलं. तीन माद्या आणि त्यांच्या पोटातली पिल्लं मारली, आणि निष्पन्न शून्य. याचं काहीच वाटत नाही का कुणाला?


अस्थिरपंथी | १३ मे, रात्री १०:३०

वाटतं. खोटं कशाला बोलू.

प्रत्येक प्राण्याचा हिशेब संस्थेच्या प्राणी नीती समितीला द्यावा लागतो. किती, कशासाठी, दुसरा मार्ग का नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा त्यामागे आहे. पण कायदा पाळला म्हणून तुमचा प्रश्न संपत नाही हे मला कळतं. एका मादीत सहा ते आठ भ्रूण असतात, मी एकही वाया घालवत नाही. एक पाय सेक्शनला, दुसरा आरएनएला, उरलेला सांगाडा अल्शियन ब्लू आणि अ‍ॅलिझरिन रेडने रंगवायला, म्हणजे कूर्चा निळी आणि हाड लाल दिसतं. इथे विचारायला आलो त्याचं हेही एक कारण आहे. चौथी मादी घेण्याआधी चूक सापडायला हवी.


खामल्याची_मावशी | १४ मे, सकाळी ६:१०

मी ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. तुमचे प्रोब आणि अँटिबॉडी माझ्या काळात नव्हते. आम्ही कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडून २४ तास, ३३ तास, ४८ तासांचे भ्रूण काढायचो आणि मुलांना काढायला लावायचो. (नागपूरच्या मे महिन्यात उबवण यंत्राची गरजच नाही असा एक विनोद स्टाफरूममध्ये दरवर्षी व्हायचा. दरवर्षी तोच.)

त्यातून एक सवय लागली. पेटीवर ३३ तास लिहिलेलं असलं तरी मी आधी सोमाइट (भ्रूणाच्या पाठीवरचे ठोकळे) मोजायचे. कोंबडी कधी अंडं घालते, ते किती वेळ कुठे पडून राहतं, कुणाला माहीत? घड्याळ एक सांगतं, भ्रूण एक सांगतो, आणि माझा विश्वास भ्रूणावर.

अस्थिरपंथी बाळा, तुझ्या पिल्लांची बोटं पाहिलीस का?


अस्थिरपंथी | १४ मे, सकाळी ९:२०

बोटं? नाही म्हणजे, मावशी, मी थेट दंड कापून घेतो. गर्भ किती दिवसांचा हे अ‍ॅनिमल हाऊसच्या वहीत असतं.


खामल्याची_मावशी | १४ मे, सकाळी ९:३१

वहीला बोटं नसतात.

टायलर यांचे टप्पे बघ. उंदराच्या भ्रूणासाठी तेच वापरतात ना? पुढच्या पंजाच्या कडेला नुसत्या खाचा पडल्या असतील तर साधारण तेरावा दिवस. पुढची बोटं टोकाला सुटी झाली असतील आणि मागच्या पंजाला अजून खाचाच असतील तर चौदावा. पुढची-मागची दोन्ही सुटी, तर पंधरावा. कापण्याआधी काढलेले फोटो असतील तर दाखव.


डॉ_हाडतोड | १४ मे, दुपारी ३:४५

मावशी म्हणतात त्यात दम आहे. माझ्याकडेही मुलाचं वय कागदावर एक आणि मनगटाच्या एक्स-रेमध्ये दुसरंच निघतं. शाळेत घालताना कुणीतरी जून धरलेला असतो.


पुण्यात_अडकलेला_नागपूरकर | १४ मे, सायंकाळी ५:१०

सिंगल सेल केलं असतं तर हेही डेटातून कळलं असतं.


स्लाइडघाशा | १४ मे, सायंकाळी ५:१२

आणि बोटं बघितली असती तर फुकटात कळलं असतं.


अस्थिरपंथी | १६ मे, रात्री ११:४०

मंडळी, दोन दिवस गायब होतो. सांगतो.

आधी स्लाइडघाशा यांची चाचणी. जन्मलेल्या पिल्लाचा गुडघा, तोच प्रोब, तीच बाटली. दोन तासांत वाढीच्या पट्टीखाली असा जांभळा पट्टा आला की मी खुर्चीवरून उठून गॅलरीत गेलो आणि परत येऊन पुन्हा बघितला. प्रोब जिवंत आहे. म्हणजे माझ्या सेक्शनमध्ये कोल-१० नव्हतंच.

मग फोटो. नशिबाने सगळ्या भ्रूणांचे होते, समितीच्या नोंदीसाठी काढलेले. पुढचा पंजा मोठा करून पाहिला. मावशी, बोटं सुटी नाहीत. कडेला खाचा आहेत, बस्स. तिन्ही माद्यांमध्ये. माझं ई १४.५ हे ई १३.५ आहे.

आता हे झालं कसं. नर-मादी संध्याकाळी एकत्र ठेवतात, सकाळी मादीत प्लग (समागमानंतर राहणारी घट्ट गुठळी) दिसला तर रात्री समागम झाला असं धरतात. समागम साधारण मध्यरात्री झाला असं समजून त्याच दिवशी दुपारी १२ ला ई ०.५ म्हणतात. म्हणजे प्लगचा दिवस हा शून्याचा दिवस. तिथून चौदा दिवसांनी दुपारी ई १४.५.

अ‍ॅनिमल हाऊसमध्ये मार्चपासून एक नवीन दादा आलेत. माणूस अतिशय नीटनेटका, सकाळी सातला प्लग तपासतात, एक दिवस चुकत नाहीत. आधी जिथे होते तिथे प्लगच्या दिवसाला "दिवस १" लिहायची पद्धत होती, तीच त्यांनी इथे चालू ठेवली. वहीत "दिवस १४" लिहिलेलं. मी दुपारी भ्रूण काढले आणि मनानेच पुढे अर्धा जोडून १४.५ लिहिलं. त्यांना विचारलं तर शांतपणे म्हणाले, "ज्या दिवशी झालं तो पहिलाच दिवस ना हो? बारशाला आपण जन्माचा दिवस धरूनच बारावा मोजतो."

यावर काय बोलणार! एक तारखेला जन्मलेल्या बाळाचं बारसं बारा तारखेला करतात आणि खरे दिवस झालेले असतात अकरा. चूक त्यांची नाहीच. "दिवस १४" म्हणजे काय हे मी एकदाही विचारलं नाही.

आणि १३.५ ला ह्यूमरसमध्ये कोल-१० नसणं किंवा अगदी पुसट असणं हे बरोबरच आहे. म्हणजे माझं "शून्य" हे उत्तर बरोबर होतं, प्रश्न चुकीचा होता.


तर्रीवाला | १६ मे, रात्री ११:४८

म्हणजे तुमी बारशाच्या आदल्या दिवशीच पाळणा सजवून बसले आन् म्हणून रायले पाहुणे काहून नाही आले 😂


स्लाइडघाशा | १७ मे, सकाळी ८:०५

छान. आता ते सेक्शन फेकू नकोस. लेबल बदल, ई १३.५ लिही, पण जुनं लेबल खोडू नकोस, एक रेघ मारून बाजूला नवं लिही. सही आणि तारीख. पुढे कुणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे.

त्याच सेक्शनवर इंडियन हेजहॉगचा प्रोब लाव. कोल-१० च्या आधी तो मध्यभागी दिसायला हवा.


अस्थिरपंथी | २० मे, रात्री ९:३०

लावला. मधोमध आहे. कोल-१० अजून नाही पण हेजहॉग आलेला, म्हणजे पेशी फुगायच्या बेतात आहेत. तीन आठवडे जे वाया गेले असं समजत होतो त्यातून कोल-१० च्या आदल्या दिवसाचा संच हाती आला. मुद्दाम ठरवला असता तर इतका नेटका तीन वेळा जमला नसता.

काल दुपारी तीन तास वीज नव्हती. क्रायोस्टॅट उणे २० वरून चढत चालला होता, मी ब्लॉक घेऊन शेजारच्या डिपार्टमेंटच्या फ्रीजरकडे पळालो. बाहेर ४५ अंश. वाचले.

@डॉ_हाडतोड, तुमच्या पोस्टवरून एक विचारायचं होतं. जिथे जनुक चालू, तिथेच आजार, असं नेहमी असतं का?


डॉ_हाडतोड | २० मे, रात्री १०:५०

अजिबात नाही, आणि विदर्भातल्या डॉक्टरला हे कुणी शिकवावं लागत नाही. सिकलसेल बघा. बिघाड बीटा ग्लोबिनच्या जनुकात. ते चालू असतं अस्थिमज्जेतल्या लाल पेशी घडवणाऱ्या पेशींत. हाडाच्या पेशींचं त्याच्याशी काही देणंघेणं नाही. पण वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि विशी-पंचविशीतल्या पोराच्या मांडीच्या हाडाचं डोकं मरतं. माझ्याकडे लंगडत येतो तो. तुझ्या पद्धतीने त्याच्या खुब्याच्या हाडात बीटा ग्लोबिनचा रंग शोधलास तर हाडाच्या पेशी कोऱ्या दिसतील आणि तू म्हणशील हाडाचा या जनुकाशी संबंध नाही.


स्लाइडघाशा | २१ मे, सकाळी ८:२०

शिवाय उतारा निघाला म्हणजे खरेदीखत झालं असं नाही. आरएनए आहे म्हणजे प्रथिन आहेच असं नाही, आणि उलटही होतं. तुझ्या सॉक्स-९ चंच बघ. पेशी फुगल्या की त्याचा आरएनए बंद होतो, पण आधी तयार झालेलं प्रथिन फुगलेल्या पेशीत बराच वेळ रेंगाळतं आणि काम करत राहतं. नुसता प्रोब लावणारा म्हणेल इथे सॉक्स-९ संपलं. अँटिबॉडी लावणारा म्हणेल आहे. दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून शेवटी जनुक काढून बघावं लागतं, तेही हवं त्याच पेशीत. क्रे-लॉक्स म्हणतात त्या पद्धतीला. पण तो वेगळा धागा काढ.


पुण्यात_अडकलेला_नागपूरकर | २१ मे, सकाळी ११:००

क्रे वरून आठवलं, आणि हे मी गंभीरपणे बोलतोय. फुगलेल्या पेशी शेवटी मरतात असंच आम्हाला शिकवलं होतं. २०१४ मध्ये कोल-१० च्या क्रेने (म्हणजे कोल-१० चालू असलेल्या पेशीतच काम करणाऱ्या क्रेने) त्या पेशींवर कायमची खूण केली आणि पुढे मागोवा घेतला, तर त्यांतल्या काही चक्क हाड घडवणाऱ्या पेशी होऊन बसलेल्या सापडल्या. उतारे बघून हे कधीच कळलं नसतं, कारण पेशीने कोल-१० चा उतारा बंद केला की तिची जुनी ओळख पुसली जाते. खूण मात्र राहते.


स्लाइडघाशा | २१ मे, सकाळी ११:०४

पहिल्यांदा तुझं पटलं.


माणुसकी_आधी | २१ मे, दुपारी १२:३०

चौथी मादी घेतली का मग?


अस्थिरपंथी | २ जून, रात्री १०:१५

@माणुसकी_आधी, घेतली. एक.

प्लग १६ मे ला सकाळी सातला, म्हणजे १६ ला दुपारी ०.५. वहीत आता दोन रकाने आहेत, दादांचा "दिवस" आणि त्याच्या शेजारी माझा "ई". ३० मे ला दुपारी १२ ला भ्रूण काढले. आधी बोटं बघितली. पुढची टोकाला सुटी, मागच्या पंजाला खाचा. मग कापले.

आज रंग दिला. सव्वादोन तास. ह्यूमरसच्या मधोमध जांभळा पट्टा, दोन्ही बाजूंना हेजहॉग, त्यापलीकडे कोल-२. मागच्या पायाच्या तळव्यातल्या हाडांत कोल-१० काहीच नाही, ती मागेच असतात, तिथे आणखी दीड-दोन दिवसांनी येईल. फोटो मावशींना वेगळे पाठवतो, इथे अपलोड होत नाहीयेत.


तर्रीवाला | २ जून, रात्री १०:२१

अभिनंदन भाऊ! तर्री पोहे माझ्याकडून. आमचा फेरफार अजून नाही झाला.


खामल्याची_मावशी | ३ जून, सकाळी ६:०५

फोटो पाहिले. सुंदर आलेत. किती भ्रूण होते?


अस्थिरपंथी | ३ जून, सकाळी ८:४०

सात.


खामल्याची_मावशी | ३ जून, सकाळी ८:५२

सातही एकाच मापाचे?


अस्थिरपंथी | ३ जून, सकाळी ९:१०

नाही मावशी. एक लहान होता. त्याची पुढची बोटंही अजून जोडलेली होती. एकाच मादीतला, एकाच तासाला काढलेला.


खामल्याची_मावशी | ३ जून, सकाळी ९:१४

तो वेगळा ठेवलास ना?


अस्थिरपंथी | ३ जून, सकाळी ९:१५

वेगळा ठेवलाय. त्याच्या लेबलवर फक्त बोटांचं लिहिलंय, दिवस नाही लिहिला.